धाकटी नावाच्या टगबोटीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा, सध्या निवृत्त व विधुर, असे लिहून ठेवतो की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, खोलीचे दार आतून लावलेले आहे, आणि काय लिहावे हे शेजारी उभे राहून सांगणारे कोणी नाही. सांगण्याचा प्रयत्न दोघांनी केला. एक माझ्या वकीलबाई, दुसरे माझे जावई.

येत्या आठवड्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी कवळी न बसणाऱ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर ऐकवत आलो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. सबब माझ्या मिळकतीची व्यवस्था मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाईंनी टाईप करून देते म्हटले होते, पण त्यांच्या कचेरीतला टायपिस्ट टाईप करताना ओठ हलवतो आणि बाहेरच्या बाकावरच्या माणसाला सगळे ऐकू जाते. मी त्या बाकावर बसलेलो आहे.

यापूर्वी मी एकदा मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. तेव्हा मी फार भोळा होतो.

कलम १. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी, जिला मी कामाची खोली म्हणतो, हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. तिला घरात सगळे थोरली म्हणतात. एकुलत्या एक मुलीला थोरली का म्हणतात, याचा खुलासा कलम ३ मध्ये आहे. घर तिच्या एकटीच्या नावावर व्हावे. 'एकटीच्या' या शब्दाखाली मी रेघ मारली आहे, ती चुकून पडलेली नाही.

जावईबापूंवर माझा राग नाही. माझे त्यांच्यावर लक्ष आहे, एवढेच. मागच्या खेपेस ते आले तेव्हा गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले टाकत गेले आणि म्हणाले, "बाबा, इथे काय मस्त ऑफिस होईल हो!" जिवंत माणसाच्या खोलीची मापे घेणारा माणूस पुढे काय करील ते सांगता येत नाही. तेव्हा माझ्या पश्चात कामाची खोली वर्षभर तरी आहे तशी ठेवावी. अशी अट कायद्याने बांधता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. मग ती विनंती समजावी. मात्र विनंती रागाने केली आहे, अशा आवाजात वाचावी.

बँकेतली शिल्लकही थोरलीलाच. आकडा लिहीत नाही. तो बँकेला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि माझा असा कयास आहे की जावईबापूंनाही ठाऊक आहे.

कलम २. धंद्याची हत्यारे. मेणाच्या सुऱ्या, प्लास्टर हलवायचे यंत्र, पॉलिशची मोटर आणि जबड्यांचे साचे मी ज्यांच्यासाठी कवळ्या केल्या त्या दातांच्या डॉक्टरांना द्यायचे ठरवले होते. परंतु डॉक्टरांनी या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले आहे, आणि वकीलबाईंच्या सांगण्यानुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला, किंवा साक्षीदार बाई असेल तर तिच्या नवऱ्याला, मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणसांची चांगली पारख असणार. हत्यारे डॉक्टरांकडे हल्ली कवळ्या करणाऱ्या नव्या कारागिराला द्यावीत. त्याचे काम मी पाहिले आहे. त्याला हत्यारांची गरज आहे, आणि हातांचीही.

डॉक्टर माझ्या मनाच्या स्वास्थ्याचा दाखला देणार आहेत. दातांच्या माणसाला मनातले कितपत कळते, ही शंका मी त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "तुम्ही शंका घेताय, म्हणजे तुम्ही अगदी पूर्वीसारखेच आहात. लगेच लिहून देतो."

कलम ३. बोटी. रेडिओवर चालणाऱ्या बोटी बांधणे आणि रविवारी सकाळी तळ्यावर चालवणे हा माझा छंद होता. बऱ्याच जणांना तो पोरखेळ वाटतो. त्यांनी एकदा हाताएवढ्या सांगाड्यावर सागवानाच्या पातळ पट्ट्या वाकवून बसवून पाहाव्यात, म्हणजे पोरखेळ कशाला म्हणतात ते कळेल.

माझ्याकडे तीन बोटी आहेत. बंबाची बोट, जी तोफेतून खरोखरीचे पाणी उडवते, ती थोरलीला. लहानपणी तिला या बोटीने अनेकदा नखशिखान्त भिजवले आहे, आता तिने कोणाला तरी भिजवावे. घरातला कोणी नजरेसमोर असेल तर माझी हरकत नाही. शिडाची बोट तळ्यावरच्या क्लबला, मात्र क्लबच्या अध्यक्षांनी तिला हात लावू नये. हे अध्यक्ष बँकेत रोखपाल होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सोनेरी पट्टीची टोपी विकत घेतली, तेव्हापासून सगळे त्यांना अ‍ॅडमिरल म्हणतात. पाण्यात पाय बुडाला तर ते सर्दीचे औषध घेतात.

तिसरी बोट म्हणजे टगबोट. मोठ्या जहाजांना दोर लावून ओढणारी जी बुटकी, रुंद, जोरकस बोट असते, तिची प्रतिकृती. तिचे नाव धाकटी. तिची बांधणी सुरू होती तेव्हा मी जेवायच्या ताटावरून उठून गॅलरीत जायचो. एकदा ही, म्हणजे माझी दिवंगत पत्नी, वैतागून मुलीला म्हणाली, "तू आता थोरली. तुझी धाकटी बहीण तिकडे गॅलरीत जन्माला येतेय." दोघींची नावे तिथेच पडली.

धाकटीचा तळ सागवानाचा आहे आणि पोटात शिसे आहे, म्हणून ती पाण्यात ऐटीत, जडशी बसते. डेकवरचे दोर गुंडाळायचे खुंट मी कवळीच्या ऍक्रिलिकचे केले. रंग देण्याआधी ते हिरड्यांसारखे गुलाबी दिसत. ही म्हणायची, "तुमची बोट हसतेय." थोरली शाळेत होती तेव्हा तिला रबरी नावेत बसवून, धाकटीला दोर बांधून, मी तळ्याच्या या काठावरून त्या काठाला ओढत नेले होते. सबंध तळे बघत होते. एवढीशी बोट एका हसणाऱ्या मुलीला ओढत चालली आहे. असा आनंद मला पुन्हा झाला नाही, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

कलम ४. त्या रविवारची हकीकत. ही नोंदवल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

त्या काळी रेडिओच्या सहाच वाटा, म्हणजे चॅनेल, होत्या आणि प्रत्येक वाटेला एक रंग होता. नखाएवढा क्रिस्टल, त्याच्या टोपीवर वाटेचा रंग. एक क्रिस्टल हातातल्या रिमोटमध्ये, त्याच रंगाचा दुसरा बोटीत. एका रंगाचे दोन रिमोट एकाच वेळी चालू झाले, तर दुसऱ्याची बोट तुमच्या हातात येते, आणि तुमची त्याच्या. म्हणून तळ्यावर एक फळी टांगलेली असायची. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, रंगवलेले. ज्याला जो रंग वापरायचा त्याने तो चिमटा काढून आपल्या रिमोटच्या एरियलला लावायचा. चिमटा फळीवर नसेल तर रिमोट चालू करायचा नाही. हा आमचा धर्म होता. आयत्या वेळी रंग बदलता यावा म्हणून प्रत्येकाकडे क्रिस्टलच्या दोन-दोन जोड्या असत.

त्या रविवारी ओढण्याची स्पर्धा होती. तपकिरी चिमटा माझ्या एरियलला होता. धाकटी तळ्याच्या मध्यावर रिकामी बार्ज, म्हणजे सपाट मालनौका, ओढत अगदी शांत चालली होती. आणि अचानक ती उधळली. मी रिमोटचा दांडा मागे ओढला, तिने ऐकले नाही. सुकाणू फिरवले, तरी नाही. दोर तोडून ती भरधाव सुटली, गर्रकन वळली आणि दगडी पायऱ्यांवर नाकाने आदळली. नाक फुटले. डोळ्यांदेखत बुडाली. मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो आणि छातीभर पाण्यात पायाने चाचपून तिला वर काढले.

वर आल्याबरोबर मी सगळ्यांची एरियले पाहिली. प्रत्येकावर वेगळा चिमटा. तपकिरी फक्त माझ्याकडे. म्हणजे कोणीतरी चिमट्याशिवाय, लपवून, तपकिरीवर रिमोट चालू केला होता. मी म्हटले, सगळ्यांनी पिशव्या उघडा. अ‍ॅडमिरल म्हणाले, "अहो, हा क्लब आहे, पोलीस चौकी नाही." ज्याच्या पिशवीत काही नसते तो पिशवी उघडायला घाबरत नाही.

कलम ५. संशयित. धाकटी मी पुन्हा उभी केली. नाकाची प्रत्येक पट्टी नवी बसवली. पण तिला पुन्हा पाण्यात सोडली नाही, कारण ज्याने एकदा हे केले तो पुन्हा करील. गेली कित्येक वर्षे माझा संशय तिघांवर आहे, आणि तो या मृत्युपत्राद्वारे मी माझ्या वारसांकडे सुपूर्द करतो.

पहिले, अ‍ॅडमिरल. धाकटी आली की त्यांच्या युद्धनौकेकडे कोणी बघत नसे.

दुसरे, जावईबापू. तेव्हा ते जावई नव्हते. तळ्यावरच्या पुलावर उभे राहून बोटी बघण्याच्या निमित्ताने थोरलीकडे बघत. त्या दिवशी त्यांचा एक हात खिशात होता. लग्नानंतर मी विचारले, खिशात काय होते. म्हणाले, "हातच होता, बाबा." या उत्तराने माझे समाधान झालेले नाही.

तिसरे, साडू. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, बसचे ड्रायव्हर. आम्ही दोघांनी मिळून बोटींचा नाद सुरू केला होता. सुट्टीच्या दिवशी त्यांचा मुक्काम माझ्या गॅलरीत असायचा. त्यांच्या एरियलला हिरवा चिमटा होता, तो मी स्वतः पाहिला. पण मी पाण्यातून वर येईपर्यंत त्यांचे सामान बांधून झाले होते. सगळ्यांच्या आधी तेच गेले, आणि पुन्हा तळ्यावर फिरकले नाहीत. चोराच्या मनात चांदणे. पुढच्या आठवड्यात ते माझ्या दाराशी आले होते. मी दाराच्या भिंगातून पाहिले आणि उघडले नाही. त्यानंतर दोन्ही घरांचे जाणे-येणे संपले. ही आपल्या बहिणीला बाहेरच्या बाहेर भेटायची. "बोटच होती ना," असे ती मला एकदाच म्हणाली. तिच्या शेवटच्या आजारात साडू इस्पितळाच्या खाली उभे असत, वर येत नसत. मी वर असायचो.

कलम ६. धाकटीची व्यवस्था. ती कोणालाही मिळू नये. ज्याच्या हाती जाईल तो बुडवणाराच निघाला तर मला वरही चैन पडायचे नाही. माझ्या निधनानंतर वकीलबाईंनी तिन्ही संशयितांना गॅलरीत बोलवावे आणि त्यांच्यासमोर हातोड्याने धाकटी फोडावी. कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते टिपून घ्यावे. वकीलबाई म्हणाल्या, "अहो काका, असलं मी करणार नाही." तेव्हा हे काम त्यांनी योग्य तो माणूस लावून करून घ्यावे.

कलम ७. साक्षीदार. एक डॉक्टर. दुसऱ्यासाठी मी विचारपूर्वक व्यवस्था केली. जावईबापूंची सही चालत नाही, कारण त्यांच्या बायकोला घर मिळते. राहिले बाकीचे दोन संशयित. मी दोघांनाही फोन केला आणि स्वच्छ सांगितले की सही करणाऱ्याला यातून छदाम मिळणार नाही. कोणाला काय हवे आहे, ते यावरून उघड होईल असा माझा हिशेब.

अ‍ॅडमिरलांनी आधी विचारले, "आणि टगबोट?" मी म्हटले, तीही नाही. मग म्हणाले, "काय आहे, अलीकडे माझी सही जरा थरथरते." गेल्या महिन्यात क्लबच्या वर्गणीच्या पावत्यांवर त्यांनीच सह्या केलेल्या आहेत.

साडूंचा आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला. ते म्हणाले, "कधी येऊ?" बाकी काही विचारले नाही. त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला. ज्याला काही मिळणार नाही तो येतो कशाला?

येथपर्यंतचा मजकूर शुक्रवारपर्यंत लिहून झाला. पुढचे कलम शनिवारी संध्याकाळी लिहीत आहे. अक्षर बदललेले दिसले तर हात माझाच आहे, दुसऱ्या कोणाचा नव्हे.

कलम ८. साडू आज दुपारी आले. भिंगातून पाहिले. एकटेच होते. वाळले आहेत. मी दार उघडले.

"सही कुठे करायची?" त्यांनी चपला काढता काढता विचारले.

"आधी ऐकून घ्या. सही केलीत की यातून तुम्हाला काही मिळणार नाही."

"मला काय हवंय?"

"तेच तर मला कळत नाही."

ते हसले नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, कोणाचा तरी दात उपटताना मोडला आहे, आज येता येणार नाही, उद्या सकाळी येतो. साक्षीदारांनी एकत्र हजर असावे असे वकीलबाईंनी बजावले असल्याने सही उद्यावर गेली. आता साडूंना चहा विचारणे भाग होते. मी चहा ठेवायला गेलो आणि परत येतो तो ते गॅलरीत धाकटीसमोर स्टुलावर बसलेले. हात मांडीखाली धरले होते. लहान मुलाला दुकानात 'हात लावू नकोस' म्हटल्यावर ते बसते तसे.

"नाक छान बसवलंत," ते म्हणाले. "साडूभाऊ, मीच बुडवली ती."

इतकी वर्षे या वाक्याची मी वाट पाहत होतो. ते ऐकल्यावर काय बोलायचे हेही ठरवून ठेवले होते. पण तोंडातून भलतेच निघाले. मी म्हटले, "तुमचा चिमटा हिरवा होता."

"चिमटा हिरवाच होता. तो मी जागेवरून घ्यायचो, उजवीकडून दुसरा. त्यात चुकायचं कारण नव्हतं. क्रिस्टल चुकला. दोन्ही जोड्या एकाच डबीत होत्या, त्या सरमिसळल्या. रिमोटमध्ये तपकिरी गेला."

"क्रिस्टलच्या टोपीवर रंग असतो."

"तुम्हाला असतो," साडू म्हणाले. "मला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतात. लहानपणापासून. माझी बोट जागची हलेना, मला वाटलं बॅटरी बसली. म्हणून मी दांडा पुढे रेटला. हलेना म्हणून आणखी रेटला, इकडे तिकडे फिरवला. आणि तिकडे तुमची धाकटी सुटली. मला तेव्हासुद्धा कळलं नाही. घरी गेल्यावर हिने डबी बघितली आणि म्हणाली, अहो, रिमोटमधला तपकिरी आहे."

मी म्हटले, "रंग दिसत नाहीत आणि बस चालवत होतात?"

"सिग्नलला वरचा लाल, खालचा हिरवा. रंग कशाला दिसायला पाहिजे? डोळे तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे एका जुन्या ड्रायव्हरने पाठ करून दिले होते. पान उलटलं की मी आकडा बोलायचो." ते कपाकडे बघत होते. "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर पिशव्या उघडायला लावत होता. मी बोललो असतो तर तळ्यावरून गोष्ट डेपोत जायला कितीसा वेळ? नोकरी गेली असती. आठवड्याने तुम्हाला एकट्याला सांगायला आलो, तर तुम्ही दार उघडलं नाहीत."

मी त्या बसमधून कितीदा तरी, पुढच्या सीटवर बसून, निर्धास्त प्रवास केला आहे. हे आठवून मला आता, घरात बसल्या बसल्या, घाम फुटला.

पण मी सहजी विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. अशी थाप कोणीही रचू शकतो. साडूंची वरची कवळी भांडणाआधी मीच केलेली, अजून तीच आहे, हे मी बोलताना पाहून घेतले होते. मी एकदम विचारले, "तुमच्या कवळीची हिरडी कुठल्या रंगाची आहे?"

ते गोंधळले. "राखाडी ना?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "का? नाहीये?"

एवढी वर्षे हा माणूस राखाडी हिरड्यांची समजून माझी कवळी घालत होता, आणि त्याने कधी तक्रार केली नव्हती. मी विचारले, बोलला का नाहीत. तर म्हणाले, "मला वाटलं तुमच्याकडे तोच माल असेल. आणि बसली होती छान."

मी हसलो. पोटात दुखत असूनही हसलो. ते हसू थांबल्यावर साडूंनी जे सांगितले ते मात्र लिहायला जड जाते आहे. ते म्हणाले, "ताईंना माहीत होतं. हिने त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, यांना कळू देऊ नका. हे वाईट नाहीत, पण तळ्यावर जाऊन ओरडतील, आणि माझ्या बहिणीचं घर बसेल."

ओरडलो असतो. नक्की ओरडलो असतो.

मी आयुष्यात सगळ्यांवर संशय घेतला. दूधवाल्यावर, सर्जनवर, टायपिस्टवर, पोटच्या पोरीच्या नवऱ्यावर. हिच्यावर कधी घेतला नाही. आणि ठाऊक होते ते हिलाच. माझ्याशेजारी बसून ती रोज जेवत होती, मी तिघांची नावे घेऊन बोटे मोडत होतो, आणि ती मला भात वाढत होती. मला तिचा राग यायला हवा. तो आणण्याचा मी दुपारपासून प्रयत्न करतो आहे. येत नाही. तिची आठवण तेवढी येते.

कलम ९. रविवारी सकाळी लिहिलेले, शेवटचे.

अ) कलम ६, म्हणजे हातोड्याचे, रद्दबातल समजावे. वकीलबाईंनी माणूस बघून ठेवला असल्यास त्याला नाही म्हणून कळवावे.

ब) जावईबापूंवरचा बोटीपुरता संशय मी मागे घेतो. खोलीपुरता कायम आहे.

क) अ‍ॅडमिरलांनी पिशवी का उघडली नाही, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. वारसांनी चौकशी चालू ठेवावी.

ड) धाकटी साडूंना द्यावी असे माझ्या मनात आले. परंतु ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला यातून काहीही मिळू शकत नाही. मी वकीलबाईंना फोन करून म्हटले, दुसरा साक्षीदार बघू या. त्या म्हणाल्या, बघा. मी साडूंना फोन करून म्हटले, सही करू नका, म्हणजे धाकटी तुमची. ते म्हणाले, "नको. सही करायला बोलावलंत, मी सहीच करणार." हा माणूस असा आहे. दुसरा साक्षीदार मिळवण्याइतकी शस्त्रक्रियेला सवड आहे, पण सही त्यांचीच असावी असे मलाही वाटू लागले आहे.

सबब धाकटी मी या मृत्युपत्रातून कोणालाच देत नाही. ती मी आज सकाळी, हयातीत, माझ्या हाताने, साडूंच्या हातात दिली. ती आता माझ्या मिळकतीत नाही. तिच्याबरोबर क्रिस्टलच्या दोन्ही जोड्या दिल्या आहेत. ते येण्यापूर्वी मी कवळी घासायची बारीक कानस घेऊन टोप्यांवर खाचा पाडल्या. तपकिरीला एक, हिरव्याला दोन. बोटाने चाचपले की कळेल. घरचे दोन चिमटे त्याच रंगांत रंगवून त्यांनाही तशाच पाडल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर मी हिंडू-फिरू लागलो तर आम्ही दोघे तळ्यावर जाऊ. न जमल्यास त्यांनी एकट्याने जावे, पण जावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे. काही ठिकाणी मी कठोर झालो आहे, ते राहू द्यावे. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम मी वकीलबाईंवर सोपवतो. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, कचेरीच्या बाहेरच्या बाकावर नाही.

स्थळ: माझी कामाची खोली, धाकटीच्या रिकाम्या चौकटीशेजारी.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा रविवार, सकाळ.

लिहून देणार: कवळ्या बनवणारा (सही)

आम्ही दोघांनी, वरील गृहस्थांनी आमच्यासमोर सही केल्याचे पाहून, त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार क्र. १: दातांचे डॉक्टर (सही). यांचे मन पूर्वीसारखेच आहे.
साक्षीदार क्र. २: साडू, निवृत्त बसचालक (सही)

ता. क. साक्षीदार क्रमांक दोन यांची सही लाल शाईत आहे. टेबलावर काळे आणि लाल अशी दोन सारखी पेने मीच टोपणे काढून ठेवली होती. का ठेवली होती, ते वाचणाऱ्याला कळले असेल. त्यांनी हाताशी आले ते उचलले, ते काळेच आहे असे समजून सावकाश, पूर्ण नावाने सही केली, आणि फुंकर मारून वाळवली. डॉक्टर काही बोलणार होते, त्यांना मी पायाने खुणावले. सदर सही खरी आहे. तिच्यावर कोणीही संशय घेऊ नये.